रायगडावरून समुद्र दिसतो का? (वर्तुळ, शेळी आणि स्पर्शिका)



दहावीच्या भूमितीवर प्राथमिकच्या बाईंनी लिहावं, हे काहींना आगाऊपणाचं वाटेल. माझं शिक्षण डी.एड., माझा वर्ग चौथी-पाचवीचा. स्पर्शिका आणि छेदिका शिकवणं हे काही माझं काम नव्हे. पण आमच्या पोलादपूर-महाडकडच्या वाड्यांमध्ये प्राथमिक शाळेची बाई ही मूल दहावीला गेलं तरी त्याची बाईच राहते. हायस्कूल लांब, तेही एसटीच्या वेळेवर चालणारं. क्लास लावायचा तर महाड गाठायचं, आणि परतीची गाडी चुकली की घरच्यांचा जीव टांगणीला. म्हणून रविवारी सकाळी माझी जुनी मुलं वह्या घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसतात आणि मी जमेल तेवढं बघते. फी वगैरे काही नाही. कधी कुणाच्या घरून तांदळाच्या पिठाची पिशवी येते, कधी फणसाचे गरे.

त्या रविवारच्या मुलांत एक मुलगी होती. वडील मुंबईला, आई आणि आजी गावी. घरात सगळं ठरलेलं होतं. पास झाली तर महाडला अकरावी. गणितात राहिली तर मुंबईला आत्याकडे, घरात मदतीला. 'मदत' म्हणजे काय ते आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. तिच्या आईने मला एवढंच सांगितलं, "बाई, तिचं ते वर्तुळ तेवढं बघा."

तिची भूमितीची वही बघितली तर नाव ठेवायला जागा नव्हती. पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं सुवाच्य अक्षरात. स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय तिने मला न अडखळता म्हणून दाखवलं. मग मी कोऱ्या कागदावर एक वर्तुळ काढलं, त्यावर एक बिंदू दिला आणि म्हटलं, "इथे स्पर्शिका काढ." तिने पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. रेघ वर्तुळात जरा आत शिरून बाहेर पडत होती. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "टेकली ना बाई?"

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. परिघाचं उत्तर तिने चौरस सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं होतं. 'दोन पाय आर' आणि 'पाय आर वर्ग' यांपैकी कुठलं सूत्र कुठे, हे ती गणिताचा चेहरा बघून ठरवायची. अशी मुलं तुमच्याकडेही असतील.

आता मुद्द्यावर येते. बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकात वर्तुळ येतं, त्यात त्रिज्या, व्यास, जीवा. परीघ सातवीत. क्षेत्रफळ आठवीत. स्पर्शिका आणि छेदिका दहावीत. दर एक-दोन वर्षांनी एकेक पाहुणा येतो आणि मुलं त्याला वेगळ्या खोलीत बसवतात. हे सगळे एकाच घरातले आहेत, हे दहावीपर्यंत कळत नाही. आणि दहावीत ४० गुणांचा पेपर डोक्यावर असतो, तेव्हा ओळखीपाळखी करून द्यायला वेळ कुणाला? ती ओळख आमच्या वर्गात, सुतळी-काठीने व्हायला हवी असं माझं मत आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

परिघासाठी मी बांगड्या वापरते. खेड्यातल्या मुलीला बांगडीचं माप शिकवावं लागत नाही. आईची सव्वादोन, काकीची दोन-सहा, आजीची अडीच. पण हे आकडे कसले, ते बहुतेकींना माहीत नसतं, मोठ्या बायकांनाही नसतं. तो बांगडीचा आतला व्यास, इंचात. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजेच सव्वादोन. दोन-सहा म्हणजे दोन आणि सहा सोळांश. दोन-आठ म्हणजे अडीच. मुलांना प्रत्येक मापाची एकेक बांगडी आणायला सांगा (काचेची आणायची, पण वर्गात सांभाळून. माझ्याकडे दोन फुटल्या आणि एका घरून निरोप आला). बांगडीच्या आत कागदाची पट्टी लावून टोक मिळालं तिथे खूण करा, पट्टी सरळ करा, मोजा. सव्वादोनच्या बांगडीचा आतला परीघ जवळजवळ १८ सेंटिमीटर भरतो. दोन-सहाचा १९. अडीचचा २०. म्हणजे कासार एक माप वर चढवतो तेव्हा हाताला बरोबर एक सेंटिमीटर जागा जास्त मिळते! मला स्वतःला हे मोजेपर्यंत माहीत नव्हतं. मुलींनी घरी जाऊन आयांना सांगितलं, आणि चार दिवस गावात तोच विषय होता.

मग परिघाला व्यासाने भागायचं. कुणाचं ३.१ येतं, कुणाचं ३.२. पट्टी नीट लावली असेल तर ३.१४. बांगडी कुठलीही असो, डब्याचं झाकण असो, घमेलं असो, आकडा तोच. मी म्हटलं, याला 'पाय' म्हणतात. वर्ग हसून लोळला. "बाई, पाय कुणाचा?" हसू द्यावं. त्या हसण्यातूनच एका पोराने युक्ती काढली, "परिघावरून चालत जाता येतं, म्हणून परिघाला दोन पाय." ही मी त्या दहावीच्या मुलीला सांगितली आणि 'दोन पाय आर' तिच्या डोक्यात कायमचं बसलं. युक्तीने समज येत नाही हे खरं, पण परीक्षेच्या दिवशी आधार होतो.

क्षेत्रफळाची समज सुतळीने येते. जाड सुतळी टेबलावर चकलीसारखी घट्ट गुंडाळत जायचं, १० सेंटिमीटर त्रिज्येची चकती होईपर्यंत. मग मध्यापासून कडेपर्यंत एका बाजूला ब्लेडने सरळ काप द्यायचा (हे काम बाईंनीच करावं). चकतीचे तुकडे सुटे होतात. सगळ्यात बाहेरचा तुकडा सगळ्यात लांब, साधारण ६३ सेंटिमीटर, आतला अगदी चिमूटभर. मुलांना ते लांबीप्रमाणे एकाखाली एक लावायला सांगा, लांब तुकडा तळाला. त्रिकोण तयार होतो! पाया म्हणजे परीघ, उंची म्हणजे त्रिज्या. त्रिकोणाचं क्षेत्रफळ मुलांना येतंच. निम्मा पाया गुणिले उंची. म्हणजे निम्मा परीघ गुणिले त्रिज्या, आणि तेच 'पाय आर वर्ग'. आपली चकती साधारण ३१४ चौरस सेंटिमीटरची झाली.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत हाच नियम आहे: परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणलं की वर्तुळाचं क्षेत्रफळ मिळतं. करून बघा. ६२.८ गुणिले ५ म्हणजे ३१४. तिथे पायसाठी दोन किमती दिल्यात, रोजच्या कामाला २२ भागिले ७ आणि बारीक कामाला ३९२७ भागिले १२५०. दुसरी म्हणजे ३.१४१६. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या राज्यात वर्तुळ शिकवण्याची सोय जुनी आहे, आपण शेवटचे नाही.

भाकरीचंही एक सांगते. दुप्पट व्यासाची भाकरी थापायची तर पीठ किती लागेल? मुलं म्हणतात दुप्पट. ज्या मुलीने घरी भाकऱ्या थापल्यात ती गप्प बसते आणि मग म्हणते, "चार गोळे लागतील बाई." जाडी तीच ठेवली तर चारच लागतात. 'आर वर्ग' तिच्या हाताला आधीच ठाऊक असतो.

आता स्पर्शिका. इथे खरी अडचण होती आणि इथेच मला जरा रेंगाळायचंय.

'वर्तुळाला एकाच बिंदूत छेदणारी रेषा' ही व्याख्या मुलं पाठ करतात, पण मनात 'टेकणं' असतं. भिंतीला पाठ टेकावी तसं. थोडी आत गेली तर गेली, काय बिघडलं? मी त्या मुलीला शेळी बांधायला सांगितली. खरोखरची नव्हे, मैदानावर खुंटी आणि दोरी घेऊन. पण शेळी तिच्या दारात रोजच होती, त्यामुळे समजावायला काही लागलं नाही.

खुंटीपासून ४ मीटरवर कूड आहे, सरळ रेषेत. कुडाला घेवड्याचा वेल. शेळीचं दावं साडेतीन मीटरचं असेल तर ती कुडापर्यंत पोचतच नाही. ५ मीटरचं असेल तर? काटकोन त्रिकोण काढा. ५ चा वर्ग २५, त्यातून ४ चा वर्ग १६ वजा, राहिले ९, वर्गमूळ ३. म्हणजे इकडे ३ आणि तिकडे ३, सहा मीटर वेल फस्त. कूड ही झाली छेदिका आणि खाल्लेला वेल ही जीवा. आणि दावं बरोबर ४ मीटरचं असेल तर? शेळीचं तोंड कुडाला एकाच जागी लागतं. कुठे? खुंटीपासून कुडाला सगळ्यात जवळची जागा असते तिथे. सगळ्यात जवळचं अंतर म्हणजे लंब. झालं, स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यात काटकोन का, ते शेळीने सांगितलं. पुस्तकातली अप्रत्यक्ष सिद्धता हेच बोलते, जरा सोवळ्यात.

मग मी तिला विचारलं, "दावं फक्त १० सेंटिमीटर जास्त झालं तर? वीतभरसुद्धा नाही." ती म्हणाली, "थोडासा पाला जाईल." म्हटलं, गणित कर. ४.१ चा वर्ग १६.८१. वजा १६. राहिले ०.८१. वर्गमूळ ०.९. दोन्ही बाजू मिळून १.८ मीटर. जवळजवळ दोन मीटर वेल गेला, वीतभर दाव्यात! तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग तिने आपणहून आधीचा कागद काढला, ज्यात तिची स्पर्शिका जरा आत शिरली होती, आणि पट्टीने जीवा मोजली. जवळजवळ तीन सेंटिमीटर. काही बोलली नाही. त्यानंतर तिची स्पर्शिका कधी आत शिरली नाही, कारण ती आधी त्रिज्या काढायची आणि तिच्या टोकाला गुण्या ठेवायची.

काटकोनाची आणखी एक ओळख आमच्या भागात गोफणीने होते. भातावर पाखरं यायला लागली की पोरं गोफण फिरवतात. दगड सुटल्यावर कुठल्या दिशेने जातो? बहुतेक मुलं सांगतात, दोरीच्या रेषेत, म्हणजे हातापासून सरळ बाहेर. तसं होत नाही. सुटला त्या क्षणी दगड जिथे असेल तिथल्या स्पर्शिकेवरून जातो. डोक्यावर गोफण फिरवून समोरचं पाखरू उडवायचं तर दोरी समोर आल्यावर सोडून चालत नाही, बाजूला असतानाच सोडावी लागते. मुरलेला पोरगा हे करतो, सांगता मात्र येत नाही. (वर्गात दगड नको. रुमालात कागदाचा बोळा बांधा.) पावसाळ्यात मडगार्ड नसलेल्या सायकलवरून आलेल्या मुलाच्या पाठीवर चिखलाची जी उभी रेघ असते, तीही स्पर्शिकेचीच करणी. आमच्याकडच्या पावसात असे नमुने रोज वर्गात येऊन बसतात.

बाहेरच्या एका बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका सारख्या लांबीच्या असतात, हे तर दोन मिनिटांचं काम आहे. बादलीभोवती सुतळीचा मोठा फास टाका आणि एका बोटाने ताणा. बोटापासून बादलीला लागेपर्यंतच्या दोन्ही सरळ बाजू मोजा. सारख्या. मागे सरका, दोन्ही वाढतात, पण सारख्याच राहतात.

दहावीचं सगळ्यात रुक्ष प्रमेय म्हणजे स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचं. बाहेरच्या 'प' बिंदूतून एक छेदिका काढली, ती वर्तुळाला 'अ' आणि 'ब' मध्ये छेदते. 'प' पासूनच स्पर्शिका काढली, ती 'स' ला लागते. तर पअ गुणिले पब बरोबर पस चा वर्ग. मुलं विचारतात, हे कुणाला हवंय? रास्त प्रश्न आहे.

आधी मैदानावर आखून घेतलं. खुंटी आणि दोरीने ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. केंद्रापासून १०० सेंटिमीटरवर दुसरी खुंटी, ती 'प'. केंद्रातून जाणारी छेदिका घेतली तर जवळचं अंतर ४०, लांबचं १६०. गुणाकार ६४००. स्पर्शिका मोजली तर ८०, तिचा वर्ग ६४००. मग मुलांनी मनाला येईल तशा तिरक्या छेदिका आखल्या. एकीचं आलं ५० आणि १२८, गुणाकार तोच. बाकीच्यांचं ६३७० आलं, ६४३० आलं. सुतळी ताणली की लांबते, त्यामुळे एवढं इकडेतिकडे व्हायचंच. नायलॉनची दोरी घेतलीत तर बरं. पण रेघ कशीही फिरवा, गुणाकार हलत नाही. हे डोळ्यांनी दिसल्यावर सिद्धता वाचायला मुलं तयार होतात. उलट क्रमाने होत नाहीत, निदान माझ्याकडची तरी.

आणि मग रायगड.

त्याआधी आमच्या मुलांविषयी एक सांगायला हवं. त्यांना क्षितिज नाही. पुस्तकात असतं, 'आकाश जमिनीला टेकल्यासारखं दिसतं ती रेषा'. पोलादपूरच्या खोऱ्यात आकाश डोंगराला टेकतं. पूर्वेला महाबळेश्वरचा कडा उभा. थंडीत शाळा भरून बराच वेळ झाला तरी ऊन मैदानात उतरलेलं नसतं. संध्याकाळी सूर्य पुन्हा डोंगरामागेच. रायगड जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना अलिबाग आठवतं, किनारा आठवतो. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. ज्यांनी पाहिलाय त्यांनी तो मुंबईला, सुट्टीत, चौपाटीच्या गर्दीतून.

चौथी-पाचवीची सहल रायगडावर गेली होती. तिथे एका चौथीतल्या मुलाने पश्चिमेकडे बघत विचारलं, "बाई, इथून समुद्र दिसतो का?" बरोबरच्या मोठ्यांत कुणी हो म्हणालं, कुणी नाही. समोर धुरकट होतं. तो प्रश्न मी तसाच उचलून रविवारच्या मुलांसमोर ठेवला. म्हटलं, दिसतो की नाही ते नंतर. नजर पोचते का, ते वर्तुळाला विचारू.

पृथ्वीचं वर्तुळ काढलं. त्यावर रायगडाचा उंचवटा, मुलीने तो इतका उंच काढला की गड थेट चंद्राला लागावा. असू दे. गडाच्या माथ्यावरचा डोळा हा 'प'. गडाच्या बरोबर खाली समुद्रसपाटीला 'अ'. तिथून सरळ खाली, पृथ्वीच्या केंद्रातून आरपार, पलीकडच्या टोकाला 'ब'. तो पॅसिफिक महासागरात कुठेतरी पडतो. डोळ्यापासून निघून पृथ्वीला जेमतेम स्पर्श करणारी नजर ही स्पर्शिका, आणि जिथे स्पर्श होतो ते 'स', क्षितिज.

रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर, म्हणजे ०.८२ किलोमीटर. हे पअ. पृथ्वीचा सरासरी व्यास १२,७४२ किलोमीटर, त्यात गडाची उंची मिळवली की पब, १२,७४२.८२. गुणाकार १०,४४९ च्या आसपास. वर्गमूळ? कॅल्क्युलेटर नव्हता. १०२ चा वर्ग १०,४०४. १०३ चा वर्ग १०,६०९. म्हणजे १०२ किलोमीटर आणि वर थोडं.

मुलांनी नकाशावर पट्टी लावली. रायगड ते दिवेआगर-श्रीवर्धनचा किनारा, सरळ रेषेत, पन्नास किलोमीटरच्या आसपास. म्हणजे गडावरून बघणाऱ्याचं क्षितिज किनाऱ्यावर थांबत नाही, समुद्रात आणखी पन्नास किलोमीटर आत असतं. हवेमुळे प्रकाश किंचित वाकतो, त्याने ते थोडं आणखी लांब जातं. नजर पोचते! मधे डोंगररांगा आहेत, धुरकं आहे, डोळ्याची ताकद आहे, त्यामुळे प्रत्यक्ष दिसणं हे त्या दिवसावर आणि त्या जागेवर अवलंबून. पण पृथ्वीची गोलाई आड येत नाही, एवढं उत्तर त्या मुलाला देता आलं. आणि ते उत्तर दहावीच्या रुक्ष प्रमेयाने दिलं.

त्या मुलीचं लक्ष मात्र दुसरीकडेच गेलं. म्हणाली, "बाई, हे शेळीचंच आहे की. वीतभर दावं, दोन मीटर वेल. इथे पाऊण-एक किलोमीटर उंची आणि शंभर किलोमीटर लांब." मी हे तिला सांगितलेलं नव्हतं. गडाची उंची म्हणजे दाव्याची वाढलेली वीत, हे तिचं तिने जोडलं. मग थोड्या वेळाने, "पण तो ब तर कधीच दिसणार नाही, आणि गुणायला मात्र तो लागतो."

हेच उलट्या दिशेने एका माणसाने हजार वर्षांपूर्वी केलं होतं. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अल-बिरूनी, ज्याने भारतावर मोठा ग्रंथ लिहिला तोच, आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात नंदना नावाच्या किल्ल्यावर होता. त्याने तिथल्या डोंगराची उंची आधी मोजली. मग माथ्यावरून बघितलं की क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली दिसतं. त्या एवढ्याशा कोनावरून, आणि स्पर्शिका त्रिज्येला लंब असते एवढ्या एका गोष्टीवरून, त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. आपण पृथ्वी धरून क्षितिज काढलं, त्याने क्षितिजावरून पृथ्वी काढली. रायगडावर हा कोन किती येईल, तेही काढता येतं. एक अंशसुद्धा भरत नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकावरची सगळ्यात बारीक खूण एक अंशाची, त्याहूनही हा लहान. मुलांना तो कोनमापक पुढ्यात ठेवून दाखवा, मग बिरूनीचं काम किती नाजूक होतं ते कळतं.

ज्यांना वर्गात पटकन करायचंय त्यांच्यासाठी सोपी रीत: उंची मीटरमध्ये घ्या, १२.७ ने गुणा, वर्गमूळ काढा, क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. १०० मीटरच्या टेकडीवरून साधारण ३६. उंची चौपट केली की अंतर दुप्पट होतं, चौपट नाही. इथे भाकरीची आठवण करून द्यायला हरकत नाही, तिथे उलट होतं.

पालकांना एक विनंती. मूल भाकरी थापत असेल, शेळी बांधत असेल, गोफण वळत असेल तर 'हे सोड आणि अभ्यासाला बस' म्हणण्याआधी जरा थांबा. आणि शिक्षक मित्रांनो, ऑनलाइन माहिती भरण्यात आपला किती वेळ जातो ते मीही जाणते. पण वर्तुळाच्या धड्याला गाईडमधून प्रमेयं उतरवून देण्याऐवजी एक तास मैदानावर द्या. मोठा वर्ग असेल तर दहा-दहाचे गट करा. साठ मुलांत एक सुतळी म्हणजे नुसता गोंधळ.

ती मुलगी पास झाली. गणितात काही ऐंशी-नव्वद पडले नाहीत, पण भाग दोन तिला भाग एकपेक्षा बरा गेला. आता महाडला अकरावी कॉमर्सला आहे. सकाळच्या एसटीने जाते. अधूनमधून रविवारी येऊन बसते आणि लहान मुलांकडून सुतळीची चकती करून घेते. ब्लेड मात्र अजून मीच धरते.

यंदा सहल हरिहरेश्वरला नेली. वाळूत उभं राहून मुलांनी पहिल्यांदा अशी रेषा पाहिली जिच्यावर एकही डोंगर नव्हता. बराच वेळ कुणी पाण्यात शिरलंच नाही. मी म्हटलं, तुमचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर आहेत, म्हणजे ती रेषा इथून चार किलोमीटरला जरा कमी आहे. कुणालाच पटेना. एवढा मोठा समुद्र आणि चारच किलोमीटर? गेल्या वर्षी रायगडावर प्रश्न विचारणारा मुलगा, आता पाचवीत, वाळूत बोटाने आकडे लिहीत बसला. मग मान वर करून म्हणाला, "म्हणजे आपल्या वाडीपासून हायवेपर्यंत." आणि शेजारच्या मुलाला म्हणाला, "मला खांद्यावर घे, मग बघू किती वाढतं."